बॅक्टेरियाला तेल पाजायचं आणि साबण मिळवायचा? काय आहे ही बायोसर्फॅक्टंटची भानगड

वडे, भजी, समोसे तळून तळून काळं पडलेलं तेल. त्याचं पुढे काय होतं हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. कुणी त्यातच नवं तेल घालून पुन्हा कढई चढवतं, तर कुणी ते गटारात ओतून मोकळं होतं.

आता समजा, कुणी तुम्हाला सांगितलं की हेच तेल बॅक्टेरियाला खायला घालायचं आणि बदल्यात ते बॅक्टेरिया भांडी घासायला साबणासारखा पदार्थ देतील. तुम्ही म्हणाल, हा नक्की व्हॉट्सअॅप फॉरवर्ड आहे.

पण हे खरं आहे. शास्त्रज्ञांना ते सत्तर-पंचाहत्तर वर्षांपासून माहिती आहे. या पदार्थांना बायोसर्फॅक्टंट म्हणतात आणि आता त्यांचे मोठे कारखानेही उभे राहिले आहेत. मग हे तुमच्या सिंकजवळच्या बाटलीत अजून का आलं नाही? बॅक्टेरियाला तेलच का द्यायचं? आणि यामुळे नद्यांवरचा फेस खरंच कमी होईल का? एकेक मुद्दा समजून घेऊ.

आधी हे सर्फॅक्टंट म्हणजे काय ते बघू

एक रील तुम्ही नक्की पाहिलं असेल. ताटलीत पाणी, त्यावर मिरपूड पसरलेली. साबण लावलेलं बोट मधोमध टेकवलं की मिरपूड झटक्यात कडेला पळते.

त्यात जादू काही नाही. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. त्यामुळे पाण्याच्या पृष्ठभागावर एक ताण तयार होतो. या ताणामुळेच काही किडे पाण्यावर चालू शकतात आणि अलगद ठेवलेली सुई तरंगते. शास्त्रीय भाषेत याला पृष्ठताण म्हणतात. २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. साबण लागला की त्या जागचा ताण एकदम कमी होतो. बाजूचं पाणी जास्त जोराने खेचतं आणि मिरपूड पळते.

हा ताण कमी करणारा पदार्थ म्हणजे सर्फॅक्टंट. त्याच्या रेणूला दोन टोकं असतात. एकाला पाणी आवडतं, दुसऱ्याला तेल. तेलकट ताटावर साबण पडला की तेल आवडणारी टोकं तेलात घुसतात आणि पाणी आवडणारी टोकं बाहेर पाण्याकडे राहतात. तेलाचे बारीक थेंब सुटे होतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. साबण, शाम्पू, कपड्यांची पावडर, टूथपेस्ट, शेतात फवारणीला घालतात ते स्टिकर, या सगळ्यांमागे हेच गणित आहे.

नैसर्गिक सर्फॅक्टंटही आपल्याला नवा नाही. रेशमी साडी आणि दागिने धुवायला रिठा, केस धुवायला शिकेकाई हे आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या चालत आलंय. त्यांतला फेस सॅपोनिन नावाच्या पदार्थांमुळे येतो. तो झाडाने बनवलेला सर्फॅक्टंट. आज आपण बोलतोय ते सूक्ष्मजीवांनी बनवलेल्या सर्फॅक्टंटबद्दल.

मग सध्याच्या साबणात अडचण काय आहे?

कपड्यांच्या बहुतेक पावडरींमध्ये एलएएस नावाचा सर्फॅक्टंट असतो. पूर्ण नाव लिनियर अल्काइलबेंझिन सल्फोनेट. तो केरोसिनमधून काढलेले घटक आणि बेंझिन यांपासून बनतो. म्हणजे मूळ कच्चा माल खनिज तेल.

शाम्पू आणि लिक्विड साबणात एसएलईएस असतो. त्याची गंमत वेगळी आहे. त्याचा अर्धा भाग नारळाच्या किंवा पामच्या गराच्या तेलातून येऊ शकतो. पण त्याला जोडलेलं इथिलीन ऑक्साइड जगभर मुख्यतः पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायूपासूनच बनतं. त्यामुळे बाटलीवर नारळाचं चित्र दिसलं म्हणून आतला माल पूर्ण वनस्पतीजन्य असेलच असं नाही. जिथे पामच्या लागवडीसाठी इंडोनेशिया-मलेशियात जंगलं तोडली गेली, तिथे ‘वनस्पतीजन्य’ हा शब्दही फार दिलासा देत नाही.

दुसरा मुद्दा नद्यांचा. १९५० च्या दशकात युरोप-अमेरिकेत नव्या डिटर्जंटमुळे नद्यांवर फेसाचे डोंगर उभे राहायला लागले. तेव्हाच्या सर्फॅक्टंटच्या रेणूला फांद्या फुटलेल्या होत्या आणि बॅक्टेरियाला तो धड खाता येत नव्हता. पश्चिम जर्मनीने १९६१ मध्ये त्याविरोधात कायदा केला. अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९६५ मध्ये सरळ साखळीचा, म्हणजे लवकर कुजणारा एलएएस वापरायला सुरुवात केली. आज आपण वापरतो तो हाच.

म्हणजे प्रश्न सुटला? अर्धाच. एलएएस कुजायला ऑक्सिजन लागतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्रात हवा मारली जाते, तिथे तो चांगला कुजतो. पण प्रक्रिया न करताच सांडपाणी नदीत सोडलं आणि त्या नदीत ऑक्सिजनच उरला नसेल तर? आळंदीत इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतानाचे व्हिडिओ तुमच्याही फीडवर आले असतील. दिल्लीत छठपूजेच्या सुमारास यमुनेची हीच अवस्था दिसते. घरांतलं आणि कारखान्यांतलं प्रक्रिया न केलेलं पाणी, त्यातले डिटर्जंट आणि इतर घाण यांच्यामुळे हा फेस तयार होतो.

बॅक्टेरिया साबण कशाला बनवतील?

त्यांना कपडे धुवायचे नसतात हे उघड आहे. त्यांचा प्रश्न पोटाचा असतो.

बॅक्टेरिया पाण्यात राहतो. समोर तेलाचा थेंब आहे आणि त्यात भरपूर अन्न आहे. पण तेल पाण्यात विरघळत नाही. एक बॅक्टेरिया साधारण एक-दोन मायक्रॉन लांबीचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. त्याच्यासाठी तेलाचा थेंब म्हणजे अख्खा डोंगर, आणि तोंड लावायला फक्त डोंगराची बाहेरची बाजू मोकळी.

मग काही बॅक्टेरियांनी उपाय शोधला. ते स्वतःच सर्फॅक्टंट तयार करून बाहेर सोडतात. मोठा थेंब फुटून असंख्य बारीक थेंब होतात. तेल तेवढंच राहतं, पण त्याचा उघडा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो आणि सगळ्यांची जेवणाची सोय होते. याशिवाय पृष्ठभागावर सरकत पसरायला आणि शेजारच्या स्पर्धक जंतूंना हटवायलाही हे पदार्थ त्यांच्या कामी येतात.

यातली तीन नावं लक्षात ठेवण्यासारखी आहेत.

रॅम्नोलिपिड: स्यूडोमोनास एरुजिनोसा हा बॅक्टेरिया बनवतो. त्याचं शास्त्रीय वर्णन १९४० च्या दशकातच झालं होतं. पाण्याचा पृष्ठताण तो ७२ वरून ३० च्या आसपास आणतो.

सर्फॅक्टिन: बॅसिलस सबटिलिस हा मातीतला बॅक्टेरिया बनवतो. जपानी संशोधकांनी १९६८ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध केली. तो पृष्ठताण २७ पर्यंत खाली आणतो.

सोफोरोलिपिड: हा बॅक्टेरिया नाही, तर यीस्ट बनवतं. स्टार्मेरेला बॉम्बिकोला असं त्याचं नाव. बंबलबी जातीच्या मधमाशांच्या मधात ते सापडलं, म्हणून नावात ‘बॉम्बिकोला’.

यांची ताकदही बघा. एसडीएस नावाच्या नेहमीच्या रासायनिक सर्फॅक्टंटचे रेणू तेलाला घेरणारे गोळे करायला लागावेत यासाठी लिटरभर पाण्यात साधारण २,३०० मिलिग्रॅम एसडीएस असावं लागतं. रॅम्नोलिपिडच्या बाबतीत हा आकडा मिश्रणानुसार १० ते २०० मिलिग्रॅमच्या दरम्यान असतो. थोडक्यात, कमी मालात काम भागतं.

पण तेलच का? साखर का नाही?

साखरेवरही हे जीव सर्फॅक्टंट बनवतात. पण वनस्पती तेलाचे तीन फायदे आहेत.

पहिला फायदा कार्बनचा. सर्फॅक्टंट बनवायला कार्बन लागतो. ग्लुकोजच्या वजनात ४० टक्के कार्बन असतो, तर सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलात पाऊण भागाहून जास्त. एका किलोत जास्त ऐवज मिळतो. शिवाय एक ग्रॅम साखरेतून साधारण ४ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, तर तेलातून ९.

दुसरा फायदा सवयीचा. समोर तेल असलं की ते खाण्यासाठी सर्फॅक्टंटची गरज पडते.

तिसरा फायदा रचनेचा. सर्फॅक्टंटची तेल आवडणारी शेपटी म्हणजे मुळात फॅटी अॅसिड. आणि तेल म्हणजे तरी काय, ग्लिसरॉलला जोडलेली तीन फॅटी अॅसिड. म्हणजे शेपटीचं सामान आयतंच मिळतं.

रॅम्नोलिपिड बनण्याची साखळी ढोबळमानाने अशी असते:

१. बॅक्टेरिया लायपेज नावाचं एन्झाइम बाहेर सोडतो. ते तेलाचे तुकडे करतं: ग्लिसरॉल आणि फॅटी अॅसिड.

२. फॅटी अॅसिड पेशीत जातात. तिथे त्यांची लांब साखळी दोन-दोन कार्बनने कापली जाते. त्यातून ऊर्जा मिळते आणि पुढच्या बांधकामाचं सामानही.

३. या सामानातून बहुतांशी १० कार्बनच्या दोन शेपट्या एकमेकींना जोडल्या जातात.

४. दुसरीकडे पेशी रॅम्नोज नावाची साखर तयार करते. हे पाणी आवडणारं डोकं.

५. डोकं आणि शेपटी जोडली की रॅम्नोलिपिड तयार. एक रॅम्नोज लागली तर मोनो, दोन लागल्या तर डाय.

६. तयार माल पेशीबाहेर जातो, तेलाचे आणखी बारीक थेंब होतात, आणखी अन्न मिळतं आणि चक्र सुरू राहतं.

यीस्टचं सोफोरोलिपिड मात्र वेगळ्या पद्धतीने बनतं. यीस्टला साखर आणि तेल दोन्ही एकाच वेळी द्यावं लागतं. साखरेतून डोकं बनतं. तेलातलं १६ ते १८ कार्बनचं फॅटी अॅसिड मात्र फारसं न तोडता, किरकोळ बदल करून शेपटी म्हणून वापरलं जातं. त्यामुळे कोणतं तेल घातलं यावर कोणता माल मिळणार ते ठरतं. सूर्यफूल, मोहरीच्या कुळातलं रेपसीड अशी लांब साखळीची तेलं इथे चालतात. आपलं खोबरेल तेल तितकंसं चालत नाही. त्यात १२ कार्बनचं लॉरिक अॅसिड जास्त असतं आणि हे यीस्ट त्याची शेपटी बनवण्यापेक्षा ते खाऊन टाकणं पसंत करतं.

बॅक्टेरियाचा ‘कोरम’ आणि उपासमारीची युक्ती

नुसतं तेल ओतलं म्हणून काम होत नाही. स्यूडोमोनास आधी आजूबाजूला आपले किती भाईबंद आहेत ते मोजतो. प्रत्येक पेशी एक रासायनिक खूण बाहेर सोडत असते. गर्दी वाढली की ही खूण दाट होते आणि मग सगळ्या मिळून रॅम्नोलिपिड बनवायला घेतात. ग्रामसभेत कोरम पूर्ण झाल्याशिवाय ठराव होत नाही, तसंच. कारण सरळ आहे. एकट्यादुकट्या पेशीने सर्फॅक्टंट सोडला तर तो पाण्यात वाहून जाईल, मेहनत फुकट.

दुसरी युक्ती माणसाची. टाकीत तेल भरपूर ठेवायचं, पण नायट्रोजन मोजून मापून द्यायचा. नायट्रोजन संपला की बॅक्टेरियाला प्रथिनं बनवता येत नाहीत, म्हणजे संख्या वाढवता येत नाही. पण कार्बन तर समोर पडलेला असतो. रॅम्नोलिपिडमध्ये नायट्रोजन नसतोच, त्यामुळे तो बनवायला अडचण येत नाही. म्हणजे वाढ थांबते आणि उत्पादन सुरू राहतं.

हे नीट जमलं तर काय होतं, याचं जुनं उदाहरण जर्मनीच्या होएख्स्ट कंपनीचं आहे. तिच्या १९९७ च्या पेटंटमध्ये सोयाबीन तेलावर लिटरमागे १०० ग्रॅमहून जास्त रॅम्नोलिपिड मिळाल्याची नोंद आहे. गंमत म्हणजे कंपनीला साबण नको होता. तिला त्यातली रॅम्नोज साखर हवी होती.

खायचं तेल साबणाला? आपल्याला परवडेल का?

हा खरा कळीचा प्रश्न. भारत स्वतःच्या गरजेचं निम्म्याहून जास्त खाद्यतेल आयात करतो. तेलाचे भाव वाढले की घरातलं बजेट कोलमडतं. अशा वेळी चांगलं सोयाबीन तेल बॅक्टेरियाला पाजायचं म्हणजे ताटातलं काढून टाकीत घालण्यासारखंच आहे.

म्हणून संशोधकांचं लक्ष दोन गोष्टींकडे गेलं.

एक म्हणजे न खाता येणारी तेलं. करंज, कडुनिंब, जट्रोफा यांच्या बियांमध्ये तेल भरपूर असतं, पण ते पोटात जात नाही. यातलं एक काम पुण्यात झालंय. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, इथे डॉ. अस्मिता प्रभुणे यांच्या गटाने यीस्टला जट्रोफाचं तेल देऊन सोफोरोलिपिड बनवलं. २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. बाजारातल्या डिटर्जंटमध्ये हे सोफोरोलिपिड मिसळल्यावर डाग काढण्याची क्षमता वाढल्याचं त्यात दिसलं. बायोडिझेलसाठी गाजावाजा होऊन नंतर मागे पडलेल्या जट्रोफाचा हा एक वेगळा उपयोग.

दुसरं म्हणजे तळून झालेलं तेल. स्पेनमध्ये बार्सिलोना विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑलिव्ह आणि सूर्यफुलाच्या वापरलेल्या तेलावर वेगवेगळे सूक्ष्मजीव वाढवून पाहिले. २००० साली ते काम प्रसिद्ध झालं. स्यूडोमोनासच्या काही जाती त्या तेलावर व्यवस्थित वाढल्या आणि त्यांनी रॅम्नोलिपिडही दिला.

आपल्याकडे या तेलाचा प्रश्न थेट तब्येतीशी जोडलेला आहे. तेल पुन्हा पुन्हा तापवलं की त्यात ‘टोटल पोलार कंपाउंड’ नावाचे घटक वाढत जातात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या, म्हणजे एफएसएसएआयच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल स्वयंपाकाला वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणासाठी वापरणाऱ्या व्यावसायिकांनी त्याची नोंद ठेवायची असते. असं तेल गोळा करण्यासाठी २०१८ मध्ये ‘रुको’ नावाचा उपक्रमही सुरू झाला.

पण या तेलाला दुसरं गिऱ्हाईक आधीच आहे. ‘रुको’चा मुख्य भर बायोडिझेलवर आहे. त्यामुळे बायोसर्फॅक्टंटवाल्यांना हे तेल हवं असेल तर डिझेलवाल्यांशी स्पर्धा करावी लागणार. शिवाय गाडीवरचं तेल आणि हॉटेलातलं तेल कधीच एकसारखं नसतं. त्यात अन्नाचे कण असतात, पाणी असतं, मीठ-मसाला असतो. प्रत्येक वेळी कच्चा माल वेगळा असेल तर प्रत्येक वेळी साबणही वेगळा निघायची भीती. ज्या कारखान्याला रोज एकसारखा माल द्यायचा आहे, त्याच्यासाठी ही मोठी डोकेदुखी आहे.

मग बाजारात का दिसत नाही?

कारणं मुख्यतः चार.

फेस. सर्फॅक्टंट बनवायचा म्हणजे फेस होणारच. बॅक्टेरियाला श्वासासाठी टाकीत सतत हवा सोडावी लागते. हवा, पाणी आणि सर्फॅक्टंट एकत्र आल्यावर काय होतं ते कपडे भिजवताना आपण बघतोच. दूध उतू जावं तसा टाकीतला माल वर येऊन बाहेर पडतो. काही ठिकाणी हीच अडचण कामाला लावतात. फेस मुद्दाम बाहेर काढतात, कारण तयार माल त्यातच जास्त असतो.

वेगळं काढणं. टाकीत शेवटी पाणी, पेशी, उरलेलं तेल आणि सर्फॅक्टंट यांचा काला झालेला असतो. सर्फॅक्टंटचं कामच तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणं, त्यामुळे त्याला त्यातून सोडवणं किचकट जातं. आम्ल घालून रॅम्नोलिपिड खाली बसवता येतो, पण शुद्धता हवी तितका खर्च वाढतो. साधारण अंदाज असा दिला जातो की कच्च्या मालावर एकूण खर्चाच्या १० ते ३० टक्के जातात, आणि वेगळं काढण्यावर ६० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे तेल फुकट मिळालं तरी साबण फुकट होत नाही.

जंतू. स्यूडोमोनास एरुजिनोसा हा काही गरीब प्राणी नाही. भाजलेल्या रुग्णांना, अतिदक्षता विभागातल्या आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्या लोकांना त्याचा गंभीर संसर्ग होतो. अनेक अँटिबायोटिक त्याला दाद देत नाहीत. असा जंतू हजारो लिटरच्या टाकीत वाढवणं जोखमीचं. म्हणून आता त्याची रॅम्नोलिपिड बनवणारी जनुकं स्यूडोमोनास पुटिडा या त्याच्या निरुपद्रवी भावंडात टाकून काम केलं जातं.

स्पर्धा. एलएएस दशकानुदशकं प्रचंड प्रमाणात बनतोय. त्याची यंत्रणा बसलेली आहे, भाव कमी आहे. पाच-दहा रुपयांच्या पाऊचमध्ये त्याच्याशी टक्कर देणं सोपं नाही.

तरीही कुणी बनवतंय का?

हो. जपानची साराया कंपनी भांडी धुण्याच्या उत्पादनांत सोफोरोलिपिड वापरते. युनिलिव्हरने २०१९ मध्ये चिली देशात ‘क्विक्स’ या भांडी धुण्याच्या लिक्विडमध्ये रॅम्नोलिपिड आणला. तो जर्मनीच्या इव्होनिक कंपनीचा होता. याच इव्होनिकने स्लोव्हाकियात रॅम्नोलिपिडचा मोठा औद्योगिक कारखाना उभारला आणि जानेवारी २०२४ मध्ये त्याचा पहिला माल बाहेर पडला.

आता या गोष्टीतला ट्विस्ट. इव्होनिक बॅक्टेरियाला तेल देत नाही. युरोपातल्या मक्यापासून मिळणारी साखर देते.

तेलाचे एवढे फायदे असताना असं का? साखर पाण्यात विरघळते, सगळीकडे सारखी मिळते, आणि शेवटी टाकीत तेलाचा तवंग उरत नाही. वेगळं काढण्याचा खर्च वाचतो. प्रयोगशाळेत तेल पुढे असलं तरी कारखान्याच्या हिशेबात रॅम्नोलिपिडसाठी साखरेने बाजी मारली. सोफोरोलिपिडमध्ये मात्र तेल आजही लागतंच, कारण शेपटी तिथूनच येते.

साबणाशिवाय आणखी उपयोग?

शेतीत आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००४ मध्ये रॅम्नोलिपिडला जैविक बुरशीनाशक म्हणून मान्यता दिली. काही रोगकारक बुरशीसदृश जीवांचे पोहणारे बीजाणू असतात आणि त्यांना पेशीभित्ती नसते. रॅम्नोलिपिड लागला की ते फुटतात. नाशिकच्या द्राक्षबागायतदारांची झोप उडवणारा डाऊनी, म्हणजे केवडा, हा अशाच पोहणाऱ्या बीजाणूंच्या गटातला. याचा अर्थ उद्यापासून बागेत हे फवारा असा नाही. आपल्याकडे नोंदणी आणि शिफारस असलेलं औषधच वापरायचं.

तेलगळतीतही आहे. मार्च १९८९ मध्ये एक्सॉन व्हॅल्डेझ जहाजातून अलास्काच्या किनाऱ्यावर सुमारे ४ कोटी लिटर कच्चं तेल सांडलं. तिथल्या तेल माखलेल्या खडीवर संशोधकांनी बॅक्टेरियाचा सर्फॅक्टंट वापरून चाचण्या केल्या, तेव्हा साध्या पाण्याच्या तुलनेत तेल बरंच जास्त सुटलं.

म्हणजे हे शंभर टक्के सुरक्षित?

‘नैसर्गिक’ आणि ‘सुरक्षित’ हे दोन वेगळे शब्द आहेत. रॅम्नोलिपिड मुळात एका जंतूचं हत्यारही आहे. योग्य शुद्ध केलेला, चाचण्या झालेला माल आणि कुठल्यातरी टाकीतला कच्चा काढा यात फरक आहे.

बायोसर्फॅक्टंटची जमेची बाजू म्हणजे ते सहज कुजतात, आणि रॅम्नोलिपिड तर ऑक्सिजन नसतानाही कुजतो. पण कुजायला वेळ लागतोच. प्रक्रिया न केलेलं सांडपाणी थेट नदीत सोडलं तर त्यात एलएएस असो की रॅम्नोलिपिड, फेस येणारच. शिवाय सर्फॅक्टंट कुजला तरी त्या पाण्यातलं मैलापाणी आणि कारखान्यांची रसायनं कुठे जाणार? इंद्रायणीला चांगला साबण हवाच आहे, पण त्याआधी चालणारी सांडपाणी केंद्रं हवी आहेत.

घरी बनवता येईल का?

नाही. संत्र्याच्या साली, गूळ आणि पाणी आंबवून बनवतात ते ‘बायोएन्झाइम’ वेगळं. ते मुख्यतः आंबट पाणी असतं. फेस हवा म्हणून लोक त्यात रिठा घालतात, म्हणजे सर्फॅक्टंट तिथेही रिठ्याचाच. जुन्या तेलाच्या डब्यात काहीतरी आंबवून साबण मिळेल असं सांगणारं रील दिसलं तर सरळ पुढे सरका. त्या डब्यात कोणता जंतू वाढेल हे तुम्हाला कळणार नाही.

मग आपल्या हातात काय आहे? वापरलेलं तेल सिंकमध्ये ओतू नका. बाटलीत साठवा आणि तुमच्या शहरात ते गोळा करणारी अधिकृत यंत्रणा आहे का ते शोधा. साबण घेताना पुढच्या बाजूचं हिरवं पान बघण्यापेक्षा मागची घटकांची यादी वाचा. तिथे रॅम्नोलिपिड किंवा सोफोरोलिपिड लिहिलं असेल, तर ती बाटली बॅक्टेरिया किंवा यीस्टच्या मेहनतीची आहे. फक्त ‘प्लांट बेस्ड’ लिहिलं असेल, तर कंपनीला विचारा की झाड नक्की कुठलं आणि त्यात किती.